कपाळावरची आठी

चष्म्याच्या दुकानात अगदी मागे, डोळ्यांचा नंबर काढायच्या उंच खुर्चीच्या शेजारी एक छोटं टेबल होतं. पूर्वी त्यावर मोडक्या फ्रेमा पडलेल्या असायच्या. आता शाळा सुटली की तिथे भिंगरी बसायची आणि गृहपाठ करायची. तिच्या आईने इथे नोकरी धरताना पहिली अट तीच घातली होती.

"पगाराचं काहीतरी बोलशील असं वाटलं होतं, तू तर टेबल मागतेस!" मालककाका हसले होते. "घे बाई. पोरीने फ्रेमा चघळल्या नाहीत म्हणजे झालं."

भिंगरी हे काही खरं नाव नव्हे. पाय फुटल्यापासून पोर एका जागी ठरली नव्हती, म्हणून घरात तेच रुळलं. दुसरीत गेल्यापासून मात्र तिची गिरकी मंदावली होती. आईचा जीव तेव्हापासून टांगणीला.

आई विज्ञान शिकलेली, आणि मुलांचा अभ्यास कसा घ्यावा यावर कुठे चार ओळी छापून आल्या की त्या कापून ठेवणारी. त्या सगळ्या कात्रणांचं एका गोष्टीवर एकमत होतं: शेजारी बसा, धीर द्या, पण उत्तर सांगू नका. आईने ते पदराला गाठ मारल्यासारखं पाळलं होतं. जीभ दाताखाली धरेल, पण आकडा फुटू देणार नाही.

"बेचाळीसातून सतरा गेले?"

भिंगरी पेन्सिलीचं टोक चावत आईकडे बघायची. "पस्तीस?"

आई गप्प.

"नाही नाही. पंधरा?"

आई गप्पच.

"पंचवीस!"

"बघ! आलं की नाही तुझं तुला?"

मग भिंगरी ऐटीत आकडा उतरवायची, आणि आई मनातल्या मनात त्या कात्रणांना नमस्कार घालायची.

म्हणून बाईंनी शाळेत बोलावलं तेव्हा आई इस्त्रीची साडी नेसून गेली. कौतुकच ऐकायला मिळणार, असं तिला वाटत होतं.

"गृहपाठात एक चूक नसते हो," बाई म्हणाल्या, "आणि वर्गात एक ओळ नसते. पाटी कोरी. नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते. खरं सांगा, घरी कोण करून देतं?"

"कुणीच नाही!" आईचा आवाज चढला. "माझ्या पोरीची शपथ, मी एक आकडा सांगत नाही तिला."

"मग मला कळत नाही." बाई चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्याचीच आईला जास्त भीती वाटली. "शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर तिला एकटीला बसवणार आहोत. तिथेही कागद कोरा राहिला, तर खालच्या वर्गात पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

तिच्या बरोबरीच्या पोरी वर आणि ही खाली. घरी पोचताच आईने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने बूट काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मला तरी कुठे वजाबाकी यायची? लिफ्टा चढतातच ना!"

"चढतात. पोरगी खाली चाललीय," आई म्हणाली.

बुधवारी दुपारी एक आजोबा नंबर काढायला आले. एरवी आई खुर्चीच्या मागे उभी राहूनच अक्षरं विचारायची. काकांनी पहिल्याच दिवशी तसं शिकवलं होतं. त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, ती तक्त्याच्या बाजूला, समोरच उभी राहिली.

"शेवटची ओळ वाचा, आजोबा."

"म," आजोबा तिच्याकडे बघत म्हणाले. "नाही... भ. नाही? मग ग!"

"ओ आजोबा," काका गल्ल्यावरून ओरडले, "अक्षरं तक्त्यावर आहेत, तिच्या कपाळावर नाहीत!"

आजोबा पकडले गेल्यासारखे खळखळून हसले. "तक्ता लांब आहे हो, कपाळ जवळ आहे. चुकलं की या बाईंच्या कपाळाला आठी पडते, बरोबर आलं की जाते. मग डोळे ताणायचे कशाला?"

काका हसले, फ्रेम बघायला आलेलं जोडपंही हसलं. आई हसली नाही. ती छोट्या टेबलाकडे बघत होती. तिथे दातखुणा पडलेली पेन्सिल तेवढी दिसत होती.

एक आकडा सांगितला नव्हता तिने. सगळेच सांगितले होते.

भिंगरी आली तेव्हा आईने स्टूल तिच्या मागे ओढलं. "आज मी इथे बसते. तू कर."

भिंगरीने वळून पाहिलं.

"पुढे बघ, राणी."

मग पेन्सिल सुरू झाली. एक उत्तर खोडलं, दुसरं लिहिलं, तेही खोडलं, तिसरं बरोबर. आईचा श्वास मोकळा होतोय तोच तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. चष्म्याचं दुकान ते, जिकडेतिकडे आरसे. त्यातल्या एका गोल आरशात भिंगरीचे दोन डोळे तिच्याकडे लागले होते.

आईने उठून तो आरसा भिंतीकडे फिरवला. मग शेजारचा. मग गल्ल्याजवळचा.

"अगं, गिऱ्हाईक काय भिंतीत तोंड बघणार?" काका म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "असू दे. सुटेल हळूहळू. लागलेली सवय एका दिवसात जाते का?"

"परवा शुक्रवार आहे, काका."

काकांनी हातातला चष्मा उगाच पुसायला घेतला.

मग आई भिंगरीच्या समोरच येऊन बसली. फ्रेमा लावून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर ठेवायचा चेहरा तिने ठेवला: भुवया सैल, ओठ सैल, डोळे कुठेच नाहीत. धुतल्या पाटीसारखा. हे तिला येत होतं. अभ्यास घेताना मात्र हा चेहरा तिला कधी सुचलाच नव्हता. पोटच्या पोरीपुढे कोण असं बसतं?

"बेचाळीसातून सतरा," ती म्हणाली.

"पस्तीस?"

चेहरा हलला नाही.

"पंधरा?"

हलला नाही.

"पंचवीस?"

हे बरोबर होतं. आईला सांगावंसं वाटलं, पण चेहरा हलला नाही. भिंगरी तेही मागे टाकून पुढे गेली. पंचेचाळीस, पाच, सत्तावीस. बरोबर उत्तर कधीच मागे पडलं होतं, आणि ते ओळखण्याची तिच्याजवळ काही खूण नव्हती. तिचा आवाज बारीक होत गेला.

"आई, तू रागावलीस?"

"नाही गं."

"मग तुझं तोंड असं का झालं?"

"तू माझ्याकडे बघू नकोस. गणिताकडे बघ. दोनातून सात जातात का? मग शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा, शिकवलंय ना बाईंनी?"

भिंगरीने गणिताकडे पाहिलं. अनोळखी दारावरची पाटी वाचावी तसं पाहिलं. आईला ते पहिल्यांदाच दिसत होतं, की आत काहीच नाही. वर्षभर ही पोर आकडे शिकलीच नव्हती. ती आईचा चेहरा शिकली होती, ओळ न् ओळ, आणि त्या परीक्षेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आईने हजार गिऱ्हाइकांपुढे सांभाळलेला चेहरा तिथे सुटला. कपाळाला आठी पडली, खोल, आणि काही केल्या जाईना.

भिंगरी जागेवरून उठली. टेबलाला वळसा घालून जवळ आली. तिने आपला पेन्सिलीने काळा झालेला अंगठा आईच्या कपाळावर ठेवला आणि ती आठी सपाट होईपर्यंत हळूहळू पुसली.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर."

मग जागेवर जाऊन तिने वहीत पस्तीस लिहिलं.