पाच वाजताची घुटी

घुटी उगाळायला लागल्याच्या सहाव्या दिवशी मृणालच्या ध्यानात आलं, की मुरुडशेंग आहे तेवढीच आहे आणि झिजतंय ते आपलं बोट. उजव्या हाताची तर्जनी नखासकट गेली होती. दुखत नव्हतं, रक्तही नव्हतं. टोक वापरलेल्या खडूसारखं सपाट झालं होतं. तिने सहाणेवरची घुटी मधल्या बोटाने निपटून बोंडल्यात घेतली, बाळाला पाजली आणि मग सासूबाईंना हात दाखवला.

"आई, हे बघा."

इंदुमतीबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "किती वेढे घेतेस?"

"तुम्ही सांगितलेत तेवढेच. मुरुडशेंगेचे तीन, बाकी सगळ्यांचा एकेक."

"मग बरोबर आहे." चष्मा परत कपाळावर गेला. "थोडं जातंच गं ते. रडायचा थांबला ना?"

थांबला होता, आणि तिथेच तर सगळं अडलं होतं. चिनू तिसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पाचला रडायला लागायचा. पाय पोटाशी घ्यायचा, मुठी आवळायचा, तोंड बिटासारखं लाल व्हायचं आणि पोट असं टणक, की वर टिचकी मारली तर वाजावं. बरं, हे पाच-दहा मिनिटांचं काम नव्हे. बार्शीतल्या त्या कॉलनीत लोक म्हणे पाच वाजले का ते बघायला घड्याळाकडे जायचेच नाहीत. ओव्याच्या पुरचुंडीने शेकून झालं, बेंबीभोवती हिंग लावून झाला, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. मृणालने वाटाणा सोडला, हरभरा सोडला, कोबी, वांगं, सगळं सोडलं. महिनाभर बिचारी दुधीची भाजी खात होती, आणि वर येता-जाता प्रत्येक जण तिला सांगत होता, की बाई, दूध पी भरपूर, म्हणजे दूध येईल. झोप तर अशी राहिलीच नव्हती. कपडे वाळत घालताना दोन चिमट्यांच्या मध्ये ती डुलकी काढून घ्यायची.

मग सासूबाईंनी सहाण काढली, आणि पहिल्या घुटीला पोरगं गप्प झालं.

बोट गेल्यावर मात्र ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी चिनूचं पोट दाबून पाहिलं, दुपट्याला लागलेली हिरवट शी पाहिली आणि म्हणाले, "दुधातली साखर पचत नाहीये त्याला. घाबरू नका. दूध तुमचंच पाजा, फक्त पाजायच्या आधी हे थेंब द्या. आठ दिवस थांबा, फरक पडेल. तसंही चौथ्या महिन्यात बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं." मग त्यांची नजर तिच्या हातावर गेली. "हे कशाने?"

"घुटी उगाळताना."

"हं. ती बंद करा." त्यांनी चिठ्ठी फाडून दिली. "हे परत येत नाही बरं का."

घरी हे सांगितलं तर इंदुमतीबाई भडकल्याच. "दूध बाधतं? आईचं दूध बाधतं म्हणे! आता हेच ऐकायचं राहिलं होतं." एवढं बोलून त्यांनी पदराखालचा डावा हात बाहेर काढला. लग्नाला चार वर्षं झाली, पण हा हात मृणालने कधी नीट बघितलाच नव्हता. त्याला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं.

"ही दोन हेमंतची," त्या म्हणाल्या, "आणि हे एक तुझ्या नणंदेचं, सुनंदाचं. तिला फार त्रास नव्हता."

हेमंत ऑफिसातून आला तेव्हा मृणालने त्यालाही हात दाखवला. "अहो, बघा ना."

त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "अगं, मग डाव्याने उगाळायचं ना. उजवा कामाचा असतो," तो म्हणाला.

मृणालने सहाण माळ्यावर टाकली आणि थेंब सुरू केले. आठ दिवस काढायचे, बस्स, असं तिने मनाशी ठरवलं. चिनूने पाचला सुरुवात केली. तिने त्याला खांद्यावर घेतलं, पाठ चोळली, पाय सायकलसारखे फिरवले. बऱ्याच वेळाने तिने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आणखी बऱ्याच वेळाने पाहिलं, तरी पाच-दहाच. गॅसवर ठेवलेला चहा कोमटच होता. बाल्कनीच्या कठड्यावरचं ऊन बोटभरही सरकलं नव्हतं. जिन्यात हेमंत एक पाय वरच्या पायरीवर ठेवून उभा होता, हातात कोथिंबिरीची जुडी. चिनू रडत असेपर्यंत वेळ पुढे जाणार नव्हता.

आता आठ दिवस थांबायचं ते कसं? आधी तो एक दिवस तर संपायला हवा. तिने पोराला घेऊन त्या पाच-दहामध्ये किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. फरशीवर पायवाट पडली. चिनूचा आवाज बसला, मग नुसतं तोंड उघडायचं आणि आवाज यायचाच नाही, आणि ते तर तिला बघवेचना. शेवटी तिने स्टूल घेतलं, सहाण खाली काढली आणि डाव्या हाताने तीन वेढे घेतले. चिनूने घुटी चाटली, उसासा सोडला आणि मान टाकून झोपला. चहाला उकळी आली. हेमंत दारातून आत आला. "झोपला का? छान," तो म्हणाला.

मग रोजचंच झालं. थेंबही द्यायचे आणि वेढेही घ्यायचे. तीन वेढ्यांवर आठवडाभर भागलं, मग सात लागले, मग एकवीस. मनगटावर मृणालचा एक तीळ होता. तो एका गुरुवारी सहाणेवर गेला आणि शुक्रवारी आंघोळ घालताना चिनूच्या पोटावर सापडला. पोराचं वजन वाढत होतं, गालावर तुकतुकी आली होती. समोरच्या गव्हाणेकाकू एक दिवस नात कडेवर घेऊन आल्या. "मृणाल, तुझ्या हाताला गुण आहे म्हणे. हिला दोनच वेढे दे की."

"काकू, माझ्याजवळ आता फार..."

"अगं, दोन वेढ्यांनी काय होतंय!" इंदुमतीबाई आतून म्हणाल्या. "शेजारधर्म असतो काही."

मृणालने दोन वेढे दिले.

हिशोब तिचाही चालू होताच. मूल उचलायला माणसाला हात लागतो तो किती? बोटं नसली तरी चालतं, तळव्यांवर घेता येतं. तळवे गेले तेव्हा तिने करून पाहिलं, मनगटांवरही घेता येत होतं, फक्त दुपटं तेवढं कुणीतरी नीट गुंडाळून द्यायचं. मनगटांनंतर तिने स्वतःशी रेघ आखली: कोपर. कोपराच्या खोबणीत पोराचं डोकं अगदी बरोबर बसतं, तेवढी एक जागा राहिली पाहिजे. बाकी काय न्यायचं ते ने बाबा, पण एवढी ठेव. दुपारी तो झोपलेला असताना ती त्याला तसंच घेऊन बसायची. खाली ठेवायची नाही. त्याच्या टाळूला दुधाचा वास यायचा आणि तिला वाटायचं, आता घड्याळ थांबलं तर बरं होईल. पण तेव्हा ते थांबायचं नाही.

"अजून पंधरा-वीस दिवस," डॉक्टर फोनवर म्हणाले. "चौथा महिना लागू द्या." तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

त्या पंधरा-वीस दिवसांत मुरुडशेंग कुणी हातातसुद्धा घेतली नाही. ती होती तशीच डब्यात राहिली. सहाण सासूबाई धरायच्या, पाणी हेमंत घालायचा, आणि मृणाल ओणवी होऊन गोल गोल फिरवत राहायची. कोपर आलं त्या दिवशी ती थांबली.

"आई, आज नको. आज रडू द्या त्याला."

"बरं," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी सहाण बाजूला ठेवली आणि तिघंही चिनूचं रडणं ऐकत बसली. पाच-दहा झाले आणि पाच-दहाच राहिले. हेमंत भिंतीला टेकून बसला होता, त्याची दाढी वाढत गेली. सासूबाईंचे केस मुळापासून पांढरे होत गेले. कुणी तिला एक अक्षर बोललं नाही. बोलले असते तर ती भांडली तरी असती. शेवटी तिनेच पायाने सहाण पुढे ओढली.

आणि मग एका बुधवारी पाच वाजले, चिनू पायाचा अंगठा चोखत पडला होता आणि तो रडलाच नाही. सव्वापाच झाले, सहा झाले, दिवेलागण झाली. इंदुमतीबाईंनी देवापुढे निरांजन लावलं. "घुटीच लागू पडली शेवटी," त्या म्हणाल्या. हेमंत म्हणाला, थेंबांचाही उपयोग झालाच असणार. त्याने पेढे आणले आणि पहिला मृणालच्या तोंडात घातला. खांद्यापाशी गाऊनच्या बाह्या सासूबाईंनी दुमडून, बारीक टाके घालून बंद केल्या होत्या, काम अगदी सुबक होतं. मृणालने पेढा चावला आणि चावता चावता झोपली. दोन दिवस तिला कुणी उठवलं नाही.

ती जागी झाली तेव्हा सकाळ होती. सतरंजीवर उशांच्या टेकूने चिनू बसला होता, कुणी न धरता, पहिल्यांदाच. तिला बघून त्याचं बोळकं पसरलं आणि त्याने तिच्याकडे दोन्ही हात वर केले.

"आईला ओळखतोय बघ!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "अगं, घे की त्याला. बघत काय राहिलीस?"

मृणाल त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. चिनू रडला नाही. त्याने हातही खाली घेतले नाहीत.