रिकाम्या खंडांची रुंदी

मावशीच्या स्वरलिपीत शहाण्णव खंड होते. खंड म्हणजे दोन उभ्या रेघांमधली जागा. चौदा खंडांत नुसती विश्रांतीची खूण होती. मी दोनदा मोजले.

घोळ एकेचाळीस आणि बेचाळीसचा होता. संचालकांच्या प्रतीत तिथे मावशीच्या क्लॅरिनेटचा एकटीचा तुकडा आहे. मावशीच्या कागदावर विश्रांती. सोमवारच्या तालमीत ती गप्प राहिली आणि अख्खा वाद्यवृंद तिच्याकडे बघत बसला. आज फैसला होता. पहिली खुर्ची, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यांतली मुख्य जागा, तिच्याकडे राहणार, की स्वरलिपी छापून देणाऱ्या जुळाऱ्यांच्या मेहुणीला जाणार?

जुळारी स्वरलिपी साध्या अक्षरांत, आज्ञा लिहाव्यात तशी टंकतात आणि संगणक तिची पानं काढून देतो.

"ते स्वर आम्ही रविवारी घातले, ताई," जुळारी संचालकांसमोर म्हणाले. "नवी प्रत न्या म्हटलं होतं. तुम्ही जुनीच घेऊन बसलात."

"मला कुणी काही म्हटलं नाही," मावशी म्हणाली. "आणि तुमची मेहुणी दोन आठवडे माझा तुकडा घोटतेय. तिला काय स्वप्न पडलं होतं?"

"हौस असते एकेकाला."

मी फाइल बघायला मागितली. पडद्यावर सगळे स्वर होते.

"बघ, लपवाछपवी काही नाही," जुळारी म्हणाले.

"काका, लपवल्याचं मी कुठे म्हटलं?"

ते चष्मा पुसू लागले.

"स्वर लपवतात कसे? सोपं करून सांग, पोरी," संचालक म्हणाले.

मी सांगितलं. सगळ्या प्रती एकाच मजकुरातून निघतात. स्वर पुसला तर तुमच्या प्रतीतूनही जातो. पण लपवण्याची आज्ञा एकट्या मावशीच्या प्रतीला देता येते, आणि वर विश्रांतीची खूणही ठेवता येते. फक्त लपवलेल्या स्वराची शाई जाते, जागा जात नाही. स्वर खरंच रविवारी आले असतील, तर जुन्या कागदावरचे हे दोन खंड विश्रांतीच्या बाकी खंडांएवढेच अरुंद असतील.

संचालकांनी खणातून पट्टी काढली.

"छापताना कागद ओढला जातो हो," जुळारी म्हणाले.

"या दोनच खंडांना ओढायला कोण बसलं होतं?" मावशीने विचारलं.

संचालक मोजत गेले, मी लिहीत गेले. विश्रांतीचे बाकी बारा खंड कमीत कमी नऊ, जास्तीत जास्त बारा मिलिमीटर. एकेचाळिसावा खंड अडतीस मिलिमीटर. बेचाळिसावा एकोणचाळीस.