डाव्या बाजूचं पार्सल

"मेले लुबाडतात ते लुबाडतात, वर 'कृपया' म्हणतात!" सासूबाई माझ्या खांद्यावरून दुकानाच्या फोनमध्ये डोकावत पुटपुटल्या. त्यांच्या हातातल्या सुईदोऱ्याला लटकलेलं कुणाच्या तरी शर्टाचं बटण माझ्या कानाशी झुलत होतं.

मेसेज असा होता: तुमचं परदेशातून आलेलं पार्सल अडकलं आहे, कस्टमची ड्यूटी कृपया खालच्या लिंकवर भरा, नाहीतर ते परत जाईल. रक्कम किरकोळ. मला तिथेच फसवणुकीचा वास आला. मोठी रक्कम मागणाऱ्यावर माणूस ओरडतो. किरकोळ मागणाऱ्याला देऊन मोकळा होतो.

"अहो, बाहेरून काही मागवलंत का?"

"नाही. फसवणूक आहे. पुसून टाक."

माझा नवरा असं तोडून बोलत नाही. बायकांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याला ते परवडतही नाही. आणि बोलताना त्याचं मशीन धडधडत चालू होतं, पण सुईखाली कापड नव्हतं.

गेल्या वर्षी गाठ निघाली आणि डॉक्टरांनी माझी डावी छाती काढून टाकली. घरात त्याला 'दवाखान्याचं' म्हणतात. 'दवाखान्याचं झालं तेव्हा', 'दवाखान्याच्या आधी'. जणू मी तिथे नुसती पावती फाडायला गेले होते. तेव्हापासून अख्ख्या गल्लीची मापं घेणारा हा माणूस माझ्या अंगाला टेप लावत नाही. माझे कपडे जुन्या मापानं शिवतो, वर चार बोटं ढगळ. मी कपडे बदलायला लागले की त्याला दुकानाचं कुलूप आठवतं.

लिंकला मी हात लावला नाही. कुरिअर कंपनीची साइट स्वतः शोधून उघडली, पार्सलचा नंबर एकेक आकडा बघून टाकला. पार्सल होतं! तरी माझा विश्वास बसेना. नंबर काय, चोरालाही मिळतो. साइटवर दिलेल्या नंबरला फोन लावला तर नुसतं गाणं ऐकवत ठेवलं. शेवटी पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"त्यांच्या ऑफिसात."

"कशाला उन्हातान्हाची? परत गेलं तर जाऊ दे."

"फसवणूक आहे म्हणालात ना? मग परत काय जाणार?"

तो खाली वाकून टाचण्या वेचायला लागला. खाली एकही टाचणी नव्हती.

काउंटरवरच्या बाईनं फोन हातात घेऊन मेसेज दोनदा वाचला. "आमचाच आहे. पण बरं केलंत आलात, खोटेही फार फिरतायत." ऑर्डर दुकानाच्या पत्त्यावर होती. ऑर्डर देणाऱ्याचं नाव तिनं वाचलं, ते माझ्या नवऱ्याचं.

"आत काय आहे?"

तिनं वाचलं आणि आवाज एकदम खाली आला. "पर्सनल आहे, ताई." मग स्क्रीनच माझ्याकडे वळवली. सिलिकॉनची कृत्रिम छाती, डावी बाजू. खाली माप. माप अगदी बरोबर होतं.

"भरताय की परत पाठवू? आज बंद व्हायच्या आत सांगा."

"सांगते," म्हटलं आणि निघाले. संशय काही संपला नव्हता, फक्त चोरावरून उठून नवऱ्यावर जाऊन बसला होता. खड्डा बुजवला की त्यात डोकावावं लागत नाही. हे माझ्यासाठी मागवलं, की स्वतःच्या डोळ्यांसाठी? त्या दुसऱ्या कारणासाठी असेल तर एक पैसा भरणार नव्हते मी.

"चोरच ना?" मी दारात दिसताच सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. पार्सल खरंय. ह्यांनीच मागवलंय."

"काय रे?"

"शिलाईचं सामान," तो म्हणाला.

"कसलं?" मी.

"पॅड आहेत. खांद्याचे."

"खांद्याचे पॅड जोडीनं येतात. हा एकच आहे."

सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बटणाचा दोरा दातानं तोडला. "अगं, दवाखान्याचं काही असेल. आलंय तर घे, नको असेल तर राहू दे. आता परत ते कशाला काढायचं? मी चहा टाकते."

"चहा नको, आई. बसा. ऑफिस बंद व्हायच्या आत मला ठरवायचंय." मी त्याच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिले. "सांगा, कुणासाठी मागवलंत? मला हवं असेल म्हणून, की तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही म्हणून?"

"तुझे कपडे नीट बसत नाहीत, म्हणून..."

"कपड्यांचं विचारलं नाही मी."

त्यानं गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. सासूबाई उठत होत्या, त्या तशाच अर्धवट वाकून थांबल्या.

"तुझी छाती काढली," तो म्हणाला. "वर्ष होऊन गेलं आणि मी अजून एकदाही बघितलेलं नाही. भीती वाटते मला."