दोऱ्याची तपासणी

मास्तर तीस वर्षं कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. मज्जातंतू मेंदूला निरोप कसा पोचवतात, हे ते झोपेतही सांगू शकत, आणि वर्ग ते झोपेतच ऐकत असे. मधुमेहामुळे बधिरलेल्या अंगठ्याला जखम झाली, तेव्हा मात्र त्यांना आठ दिवस पत्ता नव्हता. मोज्यावरचं रक्त बायकोला दिसलं.

"तुमच्या पायाची बातमी तुमच्याआधी मला," ती म्हणाली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टरीणबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "सर, डोळे मिटा. तळव्याला दोरा टेकवते, जाणवला की 'हो' म्हणा. मग अंगठा ठेवायचा की काढायचा, ते बघू."

मास्तरांनी डोळे मिटले. दोन स्पर्शांत किती थांबायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. मनात आकडे मोजून ते म्हणाले, "हो." थोड्या वेळाने पुन्हा, "हो." मग जरा धीर येऊन, "हो, टाचेजवळ."



"सर," ती हळूच म्हणाली, "मी अजून दोरा डबीतून काढलेला नाही."

मास्तरांनी डोळे घट्ट मिटूनच ठेवले.

"अहो, उघडा आता," बायको म्हणाली.