कोळ्यांचे फोटो काढणारा माणूस

भाजी निवडता निवडता मोबाइल बघायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. एका घरच्या सुनेलाही होती. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर तिला एक फोटो आला. बागेत, झोपाळ्यांमागच्या झुडपात वाकून बसलेला एक पाठमोरा माणूस. डोक्यावर टोपी, हातात कॅमेरा. खाली लिहिलं होतं, "हा रोज मुलांचे फोटो काढतो. सावध राहा."

तिची मुलगीही त्याच झोपाळ्यांवर खेळायची. तिने तो फोटो धडाधड सगळीकडे पाठवला, वर पदरची एक ओळ जोडली, "असे लोक दिसायला सभ्य असतात. फसू नका, चांगली अद्दल घडवा."

बाहेर अंधारून आलं. ग्रुपवर मेसेज आदळू लागले. "सापडला." "धरून ठेवा." "आम्ही निघालो."

"अगं, हे अजून कसे आले नाहीत?" सासूबाई दारातून आत येत म्हणाल्या. "कोळी दिसला की यांना घरदार आठवत नाही."

सुनेचा हात थांबला. निवृत्त झाल्यापासून सासरे रोज बागेत कोळ्यांचे, त्यांच्या जाळ्यांचे फोटो काढायला जात. तिने घाईघाईने तो फोटो मोठा करून पाहिला. स्वेटरच्या कोपरावरचं ते निळं ठिगळ तिनेच लावलं होतं!

पायात सापडेल ते अडकवून ती धावत सुटली.

झोपाळे रिकामे होते. घोळक्याच्या मधोमध सासरे उभे होते. चष्मा नाही, ओठ फुटलेला. त्यांचा कॅमेरा दुसऱ्याच कुणाच्या हातात होता आणि त्यात कोळ्यामागून कोळी दिसत होते, पण कुणाला ते पटत नव्हतं. "मुलांचे फोटो कुठे लपवलेस?" एकाने झाडाची फांदी मोडून आणली होती.

"सोडा त्यांना! माझे सासरे आहेत ते. सभ्य माणूस आहे हो!"

फांदीवाल्याने मोबाइल काढून मोठ्याने वाचलं, "असे लोक दिसायला सभ्य असतात. फसू नका." मग तो तिच्याकडे वळला. "बाई, तुम्हीही फसलात."

"ती ओळ मी लिहिलीये!" ती किंचाळली. "काहीएक माहीत नसताना लिहिलीये! मारायचं तर मला मारा!"

फांदीवाल्याने फांदी खाली टाकली. एकेक जण खाली मान घालून पांगला. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

परतताना तिला रडू आवरेना. "बाबा, मी आत्ताच्या आत्ता पुसते तो मेसेज."

"तुझ्या मोबाइलमधून पुसशील," सासरे म्हणाले. "बाळा, काही कोळी आपलं जुनं जाळं स्वतःच खाऊन टाकतात, मग नवं विणतात. आपल्याला ते जमतं का? मला कुणी एकदा विचारलं असतं ना, काका, काय करताय, तर मी सगळ्या पोरांना कोळी दाखवला असता गं."

तिने सगळ्या ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. सकाळी परगावच्या मावशीचा मेसेज आला. तोच फोटो! "तुमच्याकडे हा फिरतोय म्हणे. मुलीला सांभाळ."

"मावशी, हे माझे सासरे आहेत. तू कुणाकुणाला पाठवलास?"

"अगं बाई! सगळ्यांनाच."

तेव्हा मंडळी, असा फोटो उद्या तुमच्याकडे आला, तर आधी बोट आवरा. पाठमोऱ्या माणसाला समोर जाऊन विचारा. तो कुणाच्या तरी घरचा असतो, कदाचित तुमच्याच.