गिरणीमागची सहावी कबर

लुटारू काहीही नेत होते, दारांच्या चौकटीसुद्धा. पण ताज्या कबरीला हात लावायला ते धजत नसत. म्हणून तिकडं बगदाद पडलं त्या आठवड्यात, इकडं आमच्या गावच्या कापडगिरणीत, फोरमन अबू मुहन्नद आणि मी मागांसाठी उभ्या धाग्यांचा ताणा भरणाऱ्या यंत्राचं मोठं दातेरी चाक काढलं, कफनात गुंडाळलं आणि गिरणीमागं घाईघाईनं पुरलेल्या पाच सैनिकांशेजारी मूठमाती दिली. वर फळी रोवली: 'अनोळखी'. निर्बंधांच्या काळात सुटे भाग मिळेनात, तेव्हा मोडक्या रणगाड्याच्या पोलादातून आम्हीच घडवलेलं ते चाक. ते नसेल तर सगळे माग बंद.

मग उम्म शाकिर, म्हणजे शाकिरची आई, येऊ लागली. लढाईत हरवलेला एकुलता मुलगा शोधत ती त्या फळीपाशी थांबली, ती थांबलीच. दर गुरुवारी गुलाबपाणी शिंपडायची, खजूर वाटायची.

"खाला, हा दुसराच कोणी असेल," मी एकदा म्हटलं.

"नऊ महिने तू वाढवलंस का त्याला पोटात? मग गप खजूर खा."

मी खाल्ला. लाज वाटली, पण खाल्ला.

पुढं अमेरिकन साहेबांनी नवे कायदे आणले. बाहेरच्या मालावरची जकात उठली, परक्यांना आमचे कारखाने अख्खे विकत घ्यायची मुभा मिळाली. बाजारात आलेलं कापड आमच्या नुसत्या सुताहून स्वस्त! गिरणीत निरोप आला: सोमवारी तपासणी. आम्ही समजलो, चालती गिरणी जगेल, बंद गिरणी भंगारात जाईल.

"चारशे चुली आहेत, हातिम," अबू मुहन्नद म्हणाला.

"आणि ती बाई?"

"माती परत ओढू. तिला काय कळतंय?"

रविवारी भर दुपारी आम्ही उकरलं. मी मयतासाठी म्हणतात तो फातिहा पुटपुटत होतो, लोखंडासाठी! चाक निघालं तेवढी माती कमी पडली आणि कबर खोलगटच राहिली.

सोमवारी यंत्र धडधडलं. आम्ही मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. तपासणीला आलेला परका साहेब काहीतरी बोलला. दुभाष्या मान खाली घालून म्हणाला, "चालू यंत्रांना सीमेपलीकडं चांगला भाव येईल म्हणतात. आधी यंत्रं विकायची, मग जमीन."

गुरुवारी उम्म शाकिर धापा टाकत फाटकाशी आली. नखांत माती, चेहरा उजळलेला.

"हातिम, माती खचलीय! मी हातानं उकरून पाहिलं, आत कुणी नाही. मेलाच नव्हता रे माझा शाकिर, उठून गेला! तू इथंच असतोस ना दिवसभर? कुठं गेला?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. अल्लाहनं मला कधी माफ करू नये. मी बगदादच्या रस्त्याकडं बोट दाखवलं.

पाणीही न पिता ती तशीच चालू लागली. अजून परतलेली नाही.