रायफलीचे घासून पुसलेले घराणे

मी राजघराण्यातली निघाले असते, तर जावईबापूंच्या छापखान्यात नवे यंत्र आले असते आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघराचे खचलेले छप्पर नीट झाले असते. ऐऱ्यागैऱ्या घरची निघाले, तर जावईबापूंना फार तर शाईचे चार डबे सुटणार आणि सासूबाईंना आहे तेच छप्पर. मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. बऱ्याच वर्षांनी कोणी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहत होते. एकाएकी प्रेम करू लागलेल्या माणसाच्या डोळ्यांत नीट डोकावून पाहावे. मी पाहिले. जावईबापूंच्या डोळ्यांत छपाईचे यंत्र फिरत होते.

आमची जात मोठ्या जनावरांच्या शिकारीची. नळी जाड, तोंड रुंद, आणि धक्का असा की नवख्याचा खांदा दोन दिवस कुरकुरतो. एका कारखान्यात कानशींच्या करकराटात मी घडले. नळीवर कारखान्याचे नाव आणि माझा नंबर उमटवला, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि मला पेटीत घालून रानाकडे रवाना केले. पुढे मी कोणाच्या खांद्यावर गेले, ते आताच सांगत नाही. सांगितले तर पारख्याची फी फुकट जाईल. शिवाय खरे सांगायचे तर माझी मलाच खात्री उरली नव्हती. एकच गोष्ट रोज ऐकली की वस्तूसुद्धा फितूर होते.

ती गोष्ट सासूबाईंच्या नवऱ्याची. घरीदारी त्यांना सगळे शिकारीबाबा म्हणत. बैठकीच्या भिंतीवर मी आडवी टांगलेली असे, खाली रानरेड्याचे मोठे शिंग. पाहुणा खुर्चीत टेकला की शिकारीबाबा माझ्याकडे बोट करीत. मग एका राजपुत्रावर रानरेडा धावून येई, शिकारीबाबा एका गोळीत त्याला लोळवीत, आणि राजपुत्र स्वतःच्या खांद्यावरची रायफल काढून यांच्या खांद्याला लावी. पहिल्या वर्षी रेडा एकटा होता. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्याचा कळप झाला. ती कॉलेजात गेली तोवर राजपुत्राच्या डोळ्यांत पाणीही यायला लागले होते.

ते माझे कौतुकाचे दिवस. दर आठवड्याला सासूबाई मला खाली उतरवून घासूनपुसून लख्ख करीत. शेजारणी म्हणत, “भांडी राहतील, पण रायफल नाही राहणार हिची.” शिकारीबाबा गेले आणि घासणे थांबले. मी कपाटात गोधड्यांच्या मागे पडले. नळीवर तांबूस पुटे चढली. मग एक दिवस कार्यालयातून निरोप आला: परवाना मयताच्या नावावर आहे, हत्यार विका नाहीतर जमा करा. जावईबापूंनी एक संग्राहक गाठला. तो म्हणाला, राजपुत्राची असेल तर मागाल ती किंमत, पण आधी पारख्याकडून मूळ शोधून आणा.

म्हणून आम्ही चौघे पारख्याच्या दुकानात. मी काचेच्या टेबलावर, समोर जावईबापू, त्यांच्यामागे त्यांची बायको, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सासूबाई. त्यांना यायचेच नव्हते. “माझं काय काम तिथं?” असे तीनदा म्हणून झाले होते. पण नवऱ्याच्या मागे मालक त्याच, सही त्यांचीच लागणार.

जावईबापूंनी गोष्ट सुरू केली. पारखी ऐकत नव्हता. त्याचा अनुभव असा, की गोष्ट जितकी लांब तितकी बंदूक स्वस्त. त्याने वाकड्या मानेचा दिवा ओढला, माझ्या नळीवर प्रकाश सरकवत नेला आणि एका जागी थांबवला.

“नाव कुठंय?”

“कसलं नाव?” जावईबापूंचा रेडा जागच्या जागी थबकला.

“कारखान्याचं. नंबरही नाही. इथं असायला हवा होता. कोणीतरी घालवलाय.” पारख्याने चष्मा कपाळावर सरकवून तिघांकडे आळीपाळीने पाहिले. “मालक, नाव-नंबर घालवलेलं हत्यार दुकानात आलं, की मला चौकीत कळवावं लागतं. असं हत्यार बहुतेक वेळा चोरीचं असतं.”

दुकानात एकदम सगळे एकमेकांकडे पाहू लागले. संशयाची गंमत अशी, की तो आला की सगळ्यांचे चेहरे गुन्हेगारासारखे दिसतात. जावईबापू बायकोकडे पाहत होते, बायको जावईबापूंकडे, आणि पारखी दाराकडे, कोणी पळते का ते पाहायला.

“अहो, तुम्ही तर काही केलं नाही ना?” मुलीने नवऱ्याला हळूच विचारले.

“मी? मला नंबर असतो हेच आत्ता कळलं!”

पारख्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला, आणि त्याची भुवई वर गेली.

“गंमत आहे. कानस लावली असती तर सपाट झालं असतं, चरे राहिले असते. इथं खळगा आहे. गुळगुळीत, अंगठ्याएवढा. हे वर्षानुवर्षं घासून झालंय. चोराला एवढी फुरसत नसते हो. हे घरातल्या माणसाचं काम.”

स्टूल करकरले. सासूबाईंनी नुसते बसल्या जागी अंग सावरले होते.

“एक उपाय आहे,” पारखी म्हणाला. “दस्ता काढला तर लाकडाखाली नळीवर दुसरा शिक्का असतो. तिथं कोणाचा हात पोचत नाही. मूळ तिथं सापडेल. काढू का, बाई?”

“नको,” सासूबाई म्हणाल्या. “लाकूड जुनं आहे. फुटेल.”

“नाही फुटणार.”

“नको म्हटलं ना. घरी घेऊन चला. विकायचीच नाही मला.”

“आई, असं काय करताय?” जावईबापूंचा आवाज चढला. “आता घरी नेऊन चालणार आहे का? उद्या चौकीतून माणूस येईल. आणि तुम्ही अडवताय म्हणजे...” ते थांबले. पण यंत्र हातचे चालले होते, आणि तोंडाचा लगाम सुटायला तेवढे कारण पुरते. “म्हणजे सासरेबुवांनी कुठंतरी हात मारला होता, असंच ना? राजपुत्राच्या तळावरून उचलून आणली असेल.”

“अहो!” मुलगी ओरडली. “माझ्या बाबांना चोर म्हणता? आई, तू काही बोल ना! उघडू दे त्यांना, कळू दे सगळ्यांना राजपुत्राचं!”

सासूबाईंनी लेकीकडे पाहिले. मित्रांनो, त्या घरात मी अर्धे आयुष्य भिंतीवरून माणसे तोलण्यात काढले आहे. त्या क्षणी त्या बाई दोन पारडी तोलत होत्या, आणि दोन्हींत नवराच होता.

“चोर नव्हते ते,” त्या म्हणाल्या. “फेकाडे होते. उघडा.”

पारख्याने स्क्रू सैल केले, दस्ता उचलला. लाकडाखाली माझे पोट इतक्या वर्षांनी उघडे पडले, आणि त्यावर सगळे जसेच्या तसे: साध्याशा कारखान्याचे नाव, नंबर, आणि त्याखाली एका चाकात कोरलेला चारचा आकडा.

“हा शिक्का ओळखीचा आहे,” पारखी म्हणाला. “शिकारी तळाचा. हौशी पाहुण्यांना दिवसाच्या भाड्यानं रायफली द्यायचे. ही चार नंबरची.”

तर असे माझे घराणे. रोज नवा मालक, संध्याकाळी परत खुंटीवर. मी जनावरे मारली, नाही असे नाही. पण कोणाच्या हातांनी मारली, ते त्या हातांनाही आठवत नसेल.

“तिथं सामानाची कोठी सांभाळायचे हे,” सासूबाई सांगत होत्या, जणू भाजीचा भाव सांगावा. “तळ बुडाला. मालकानं पगार थकवला होता. त्याच्या बदल्यात ही दिली, चार लोकांदेखत. परवानाही रीतसर काढला. चोरी कसली?”

पारख्याने मान डोलावली. “नंबर सापडला, कार्यालयात जुळून जाईल. पण नाव का घालवलंत?”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक पाहुणे आले. चष्मा लावून नाव वाचलं आणि हसून म्हणाले, ‘राजपुत्र या कारखान्याच्या बंदुका वापरतात होय?’ यांचा चेहरा असा उतरला, की दोन दिवस जेवले नाहीत. मी विटेची पूड काढली.” त्यांनी उजवा अंगठा खळग्यात ठेवला. मापाने शिवल्यासारखा बसला. “सगळं एकदम जाईना. सात-आठ वर्षं लागली.”

“आणि ते शिंग?” मुलीने विचारले. आवाज लहान झाला होता.

“बाजारातलं. दुकानदार भावावर अडून बसला होता, मीच घासाघीस करून आणलं.”

पारख्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

“म्हणजे इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांना बनवलंत?” जावईबापू म्हणाले.

“जावईबापू, तुमच्या पाटीवर ‘सर्वोत्कृष्ट छपाई’ लिहिलंय. मी कधी काही बोलले?”

मुलगी मात्र हसली नाही. “शाळेत एकीनं ही गोष्ट खोटी म्हटली, म्हणून मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. चांगली होती गं ती. तू निदान मला तरी सांगायचंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याकडे तसं पाहिलं नसतंस. त्यांना तेवढंच हवं होतं.”

“बाबांना माहीत होतं? तू पुसलंस ते?”

“छे गं! त्यांना घरात साखर कुठं असते तेसुद्धा माहीत नव्हतं.”

आता जे सांगते, ते त्या दुकानात फक्त मला ठाऊक होते. एका दुपारी पाहुणे गेल्यावर शिकारीबाबांनी मला भिंतीवरून उतरवले आणि त्यांचा अंगठा त्या खळग्यात गेला. दिव्याजवळ नेऊन पाहिले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तिकडे पाहिले. मग एक अक्षर न बोलता मला जागेवर टांगले. दुसऱ्या दिवशी बाजारातून पॉलिशचा महागाचा डबा आणला, माझ्याखालच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, “विटेनं हात सोलतात तुझे.” बाईंना वाटले, नवऱ्याने आपले हात पाहिले. तेवढ्यावरच त्या दिवसभर खूश होत्या.

पारख्याने मला साध्या भावाने घेतले. आता मी त्याच्या कपाटात उभी आहे, गळ्यात खऱ्या मुळाची चिठ्ठी. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा, त्यांना गंजू देऊ नका. पण कोणी एखादी वस्तू गरजेपेक्षा जास्त घासताना दिसले, तर त्या माणसालाही थोडे जपा. ते बहुधा डाग काढत नसते.

राहिला हिशेब. राजपुत्राला काही पडले नाही, कारण तो नव्हताच. तळाच्या मालकाने पगार बुडवला आणि मला देऊन मोकळा झाला. जावईबापूंनी पारख्याची फी दिली, तीही भाव करून. मुलीने एक मैत्रीण दिली आणि एक बाप दिला. बदल्यात एक कोठीवाला मिळाला, ज्याच्याशी तिची अजून ओळख व्हायची आहे. बाकी सगळे सासूबाईंनी भरले: छप्पर, अंगठ्याची कातडी आणि लेकीचा विश्वास. त्यांचे येणे मात्र एकच निघते, त्या पॉलिशच्या डब्याचे. ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून माझ्याकडेच अडकून राहिले आहे.